लॉनवरच्या मशीनची पाती फिरेनात

धानाच्या मळणी मशीन दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. तुमसरात कोणाची मशीन अडली की पहिला फोन मला येतो. फुशारकी नाही मारत, खरं आहे ते सांगतो. म्हणून तुळशीची लग्नं आटोपल्यावर एका सकाळी लग्नाच्या लॉनवाल्या शेठचा फोन आला, तेव्हा मी चहा निवांत संपवला. गवत कापायची मशीन! तिच्यात असून असून काय असणार?

गेलो तर शेठ तापलेले. दुसऱ्या दिवशी मोठं लग्न आणि गवत घोट्याच्या वर आलेलं. इंजिन सुरू होत होतं, पण खालची पाती फिरत नव्हती.

"या माळ्यानंच बिघडवली. पाण्यात ठेवते मशीन," शेठ म्हणाले. "कालच सांगतलं याले, सोमवारपासून दुसरा मानूस लावून राहिलो म्हनून."

माळी म्हणजे आंबागडकडचे एक म्हातारे काका, बारा वर्षं त्याच लॉनवर राबलेले. टोपी हातात घेऊन उभे होते.

"पट्टा ढिला झाला असंन," मी उभ्या उभ्या निकाल दिला. लिव्हर ओढला की केबल ताणते, केबल पट्टा आवळते आणि पाती फिरतात; एवढाच तर कारभार. काका हळूच म्हणाले, "मिस्तरी, लिव्हर बहुत जड लागते जी." म्हटलं, "काकाजी, तुम्ही गवताचं पहा, मशीनचं मले पाहू द्या." नवा पट्टा चढवला, इंजिन सुरू केलं. पाती ढिम्म! शेठ माझ्याकडे पाहू लागले आणि माझे कान तापले.

मग मुकाट्यानं इंजिन बंद केलं, प्लगची वायर काढली आणि मशीन कुशीवर घेतली. पाती हातानं फिरवून पाहिली, अगदी सुरळीत फिरली. काकांना लिव्हर ओढायला लावला. वर तो अर्ध्यावरच अडला, खाली काहीच हललं नाही. म्हणजे दोष केबलमध्ये. काका बरोबर होते, काय करता! केबलची दोन्ही टोकं सोडली आणि आतली तार पकडीनं ओढून काढली. लालेलाल होती.

"गंज ना?" शेठ म्हणाले. "मी काय सांगत होतो!"

मी तार बोटानं पुसली. बोटाला लागलं ते गंजासारखं खरखरीत नव्हतं, आणि टोकाशी अक्षतेचा एक दाणा चिकटलेला होता. दसऱ्याला ही मशीन माझ्याच दुकानात सर्व्हिसिंगला होती. आमच्याकडे दसऱ्याला पाना-पकडीपासून गिऱ्हाइकाच्या मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते. हिच्या लिव्हरला हळद-कुंकू मीच फासलं होतं, वरून नारळाचं पाणीही मीच शिंपडलं होतं. ते सगळं केबलच्या नळीत उतरलं आणि सुकून घट्ट बसलं.

"हो, गंज," एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. कोणाच्या बापाला कळलं नसतं. तेवढ्यात काकाच म्हणाले, "लागलं असंन जी पानी, माह्याच हातून."

माझं डोकंच फिरलं. "असंन काय, काकाजी? केलं नाही ते कायले कबूल करता? शेठ, गंज नाही, कुंकू आहे हे. दसऱ्याले म्याच लावलं. या मानसाचा काही दोष नाही."

शेठनं तार हातात घेतली. दाणा पाहिला, मला पाहिलं, मग काकांना पाहिलं.

"सोमवारी टायमावर येजो," काकांना एवढंच बोलले आणि मंडपवाल्याकडे निघून गेले.

नवी केबल घातली. लिव्हर ओढताच पाती घरघरू लागली. काकांनी गवताचे दोन पट्टे कापले, मग मशीन बंद करून माझ्याजवळ आले. डोळे भरलेले.

"घरवालीले सकाळीच सांगून आलो होतो, काम गेलं म्हनून. रडून राहिली असंन ते. आता काय सांगू तिले?"

"सांगा, मिस्तरी बिनडोक निघाला."