सहा फुटी फ्लेक्स आणि बारावी तळटीप

मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. नोकरीत तीन प्राचार्य, चार अभ्यासक्रमबदल आणि एक अंगठा न ओळखणारं हजेरी-यंत्र पचवलंय. पण शनिवारी सकाळी शिवाजीनगर ते मळवली या सव्वा तासात माझ्या बरगडीत जो गुंडाळलेला फ्लेक्स रुतत होता, त्याची दाद कुठल्या न्यायालयात मागावी हे मला अजून कळलेलं नाही. फळीवर ठेवला तर तो घरंगळून समोरच्या आजोबांच्या टोपीवर पडे. उभा धरला तर पंख्याला लागे. शेवटी मी आणि तो, एका बाकावर, जुन्या नवरा-बायकोसारखे एकमेकांना टोचत गेलो.

फ्लेक्स सहा बाय तीन. त्यावर ‘इतिहास विभाग आयोजित अभ्याससहल’, खाली न आलेल्या प्राचार्यांचा हसरा फोटो आणि कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून माझं नाव. लेण्यासमोर हा फडकवून, जागेची नोंद उमटेल असा फोटो काढायचा, असा लेखी आदेश. फोटो नसेल तर सहल झालीच नाही. लेणी बिचारी दोन हजार वर्षं फ्लेक्सशिवाय उभी आहेत, त्यांना महाविद्यालयं तपासणाऱ्या समितीने कसं काय मान्य केलं कोण जाणे.

इतिहास घेऊन बी.ए. करणारे तिसऱ्या वर्षाला पाच जण आहेत. पुढच्या वर्षी विषय बंद. महाराष्ट्रात गाडीच्या मागच्या काचेवर इतिहास आहे, चौकात आहे, मोबाईलच्या रिंगटोनमध्ये आहे. फक्त वर्गात नाही. पाचांतले दोन स्पर्धा परीक्षेसाठी आले, दोघांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही. खरोखर इतिहास शिकायला आलेली एकच, प्रतीक्षा ओव्हाळ, वडिवळ्याची. कामशेतहून रोज लोकलने ये-जा करते.

सहल ठरली तीही तिच्यामुळे. तिच्या प्रकल्पाला मी वीसपैकी नऊ गुण दिले होते. विषय होता तिच्या पणजोबांचा. राघू ओव्हाळ हे तरुणपणी कार्ल्याच्या लेण्यात शिलालेखांचे ठसे घ्यायला आलेल्या साहेबासाठी दिवटी धरून उभे राहत. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रोज बघून काही अक्षरं त्यांना पाठ झाली आणि ती त्यांनी मुलाला मातीत काढून शिकवली. तो मुलगा म्हणजे प्रतीक्षाचे आबा. तिने त्यांच्याकडून अक्षरं काढून घेऊन प्रकल्पात चिकटवली होती. मी समासात लाल शाईने लिहिलं : ‘इंटरनेटवरून? आजोबा हा संदर्भ होऊ शकत नाही.’

तिला एम.ए.ला जायचंय. या नऊमुळे पहिला वर्ग हुकतो. गुण बदलण्याची संगणकावरची खिडकी सोमवारी पाच वाजता बंद होणार होती. ती आली, रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, “मॅडम, संदर्भ घरीच आहे. सहल तिकडनं नेऊ या का? तुम्हीच तपासा.”

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. लपवायला मात्र एक गोष्ट होती, ती पुढे सांगते.

शनिवार : मळवली, कार्ले

जाणाऱ्यांसाठी : पुण्याहून लोकलचं तिकीट चहापेक्षा फार महाग नाही. मळवलीला उतरून कार्ल्याच्या पायथ्याशी रिक्षा. भाव आधी ठरवा, कारण रिक्षावाल्याला तुमच्या बुटांवरून तुमचं पुणं कळतं. वर साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना नारळ, पेढे, लिंबू-सरबत आणि ‘ताई, चपला इथं ठेवा’. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ. शनिवार-रविवारी तिथे इतकी रांग असते की, लेणं म्हणजे रांगेला सावली म्हणून कोरलंय असं वाटावं.

रांगेतल्या एका गृहस्थांनी बायकोला माहिती पुरवली, “हे पांडवांनी एका रात्रीत केलंय.”

“मग आपलं बाथरूम चार महिने का चाललंय?” बाई म्हणाल्या.

माझ्या मते सबंध सहलीतला सर्वात चिकित्सक प्रश्न हाच.

फ्लेक्स पाहून दारावरचा रखवालदार म्हणाला, “मॅडम, बॅनर आत चालत नाही. परवानगी लागते.” मी आदेश दाखवला. त्याने त्याचा नियम दाखवला. दोन्ही कागद सरकारी होते, त्यामुळे कुणीच जिंकलं नाही. शेवटी पायऱ्यांवर, नारळाच्या दुकानासमोर फोटो काढला. त्यात लेणं नाही. नारळ छान आलेत.

आत मात्र सगळ्यांच्या माना वर गेल्या. लाकडी कमानी अजून छताला आहेत. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, आणि खांबांवर देणाऱ्यांची नावं. राजे थोडे, बाकी कुणी सुतार, कुणी व्यापारी, कुणी दूरदेशाहून आलेला यवन, म्हणजे ग्रीक. गाव, नाव, काय दिलं. बस. मी दरवर्षी इथे थांबून तेच वाक्य म्हणते : “बघा, इतिहास सामान्य माणसाचाही असतो.” वाक्य छान आहे. वीस वर्षांत एकदाही अडखळले नाही.

अक्षरं अंधारात होती. प्रतीक्षाने मोबाईलचा दिवा लावला. मी बोट फिरवत वाचायला लागले.

“जरा वर धर गं. अजून वर. हलवू नकोस.”

ओंकार म्हणून आमचा एक विनोदवीर आहे, तो मागून म्हणाला, “प्रतीक्षा, खानदानी काम आहे, नीट कर.”

सगळे हसले. तीही हसली, पण दिवा हलला नाही. आणि मी वाचता वाचता अडखळले.

कारण लपवलेली गोष्ट ही : तिला नऊ गुण दिल्यावर महिन्याभराने मी एका परिसंवादात निबंध वाचला होता. त्यातला सर्वात वाहवा मिळालेला भाग दिवटी धरणाऱ्या माणसाचा होता. तो तिच्या प्रकल्पातून उचललेला. प्रकल्पात जो आजोबा संदर्भ होऊ शकत नव्हता, तो माझ्या बाराव्या तळटिपेत ‘मौखिक परंपरा : एक स्थानिक माहितीदार’ झाला होता, आणि वाचतानाही मी तेवढंच म्हटलं होतं. निबंध छापायला गेलाय, मुद्रितं माझ्या टेबलावर आहेत. आमच्या धंद्यात याला चोरी म्हणत नाहीत. क्षेत्रकार्य म्हणतात.

मुक्काम : तुंगार्ली

लोणावळ्यात तुंगार्लीला तळ्याजवळ एक बंगला घेतला होता. शनिवारचे भाव ऐकून वाटलं, तळं पण आपल्याच नावावर होतंय. दारावर पाटी : ‘मोठ्याने गाणी लावू नयेत. बाटल्या तळ्यात टाकू नयेत. अविवाहितांनी मालकांशी बोलावे.’ राखणदाराने विचारलं, “पार्टी कसली हाय?”

“इतिहासाची.”

“मंजी दारू न्हाई?” त्याचा चेहरा उतरला. असा ग्राहक त्याने पाहिला नसावा.

बाजारात मिसळ खाल्ली, पोरांनी चिक्की घेतली. ‘मूळ’, ‘खरं मूळ’ आणि ‘एकमेव मूळ’ अशी तीन दुकानं ओळीने पाहून ओंकार म्हणाला, “मॅडम, यांच्याकडे प्राथमिक साधनं मागायची का?” पोरगं वाया गेलेलं नाही.

प्रतीक्षाने निबंधाचा विषय काढला नाही. तिला माहीत नसेल अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. इतिहासाच्या प्राध्यापकाला पुराव्याअभावी समजूत घालता येते, हे कौशल्य वीस वर्षांत येतं.

रविवार : वडिवळे

लोणावळ्याहून लोकलने कामशेत, तिथून टमटम. सहा जणांच्या जागेत नऊ, अधिक फ्लेक्स. धरणाच्या बाजूला रस्ता वळला की हवा बदलते. भात कापून झाला होता, खळ्यावर झोडणी चालली होती, पेंढ्यांचे ढीग लागले होते.

प्रतीक्षाचं घर वस्तीच्या टोकाला. दारात निळा झेंडा, ओटीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याशेजारी प्रतीक्षाचं बारावीचं प्रशस्तिपत्र. आबा खळ्यावरून उठून आले. ऐंशीच्या घरातले, ताठ. पोरांना म्हणाले, “बसा रं. बाई, तुमी हितं सावलीला बसा.”

आधी जेवण. इंद्रायणीचा भात, काळ्या घेवड्याची आमटी, मिरचीचा खर्डा. पैसे विचारायची सोयच नव्हती. आबांनी हात धुतले, काठी घेतली आणि न सांगता मातीत काढायला लागले. एक आडवी रेघ, तिच्यावर मधोमध उभी, वर बाजूला टिंब. त्याच्या आधी एक वळणदार अक्षर.

“हे. परत्येक खांबावर ओळ संपती तितं हेच. बा म्हनायचा, काय का असंना, समदं जाऊन जाऊन हितंच येतंय.”

ब्राह्मी अक्षरं अचूक होती. दा. नं. टिंबसुद्धा जागेवर. इंटरनेटवरून, असं मी लिहिलं होतं.

“पुढं पोरीनं सांगितलं, ह्येचा अर्थ दान,” आबा म्हणाले. “म्हंजी कुनी काय दिलं ते. बरं झालं, मरायच्या आदी कळलं.”

मी विचारलं, साहेबासोबत आणखी कोण असे?

“पुन्याचा एक मास्तर असायचा. त्योच वाचायचा, साहेब लिवून घ्यायचा. कागूद भिजवून दगडावर थापायचं, मंग बुरुशीनं ठोकायचं. कागदाला पानी बा आनायचा, पोढीतनं, लेन्याच्या टाक्यातनं. घागरी भरून भरून. मास्तर त्या पान्याला शिवायचा न्हाई. त्येला प्यायला दुसरा मानूस यायचा, खालच्या गावातनं. पर कागदाला बा चं पानी चालायचं.” ते हसले. “कागदाला इटाळ न्हाई ना.”

ओंकारने चिक्कीची पुडी खाली ठेवली.

“आबा, साहेबानं पुस्तकात तुमच्या वडिलांचं नाव घातलं का?” त्यानेच विचारलं.

“कशाला घालंल? उजेड धरनाऱ्याचं नाव उजेडात येत नस्तं.” मग त्यांनी काठी बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. आवाज तसाच, आदबीचा. “बाई, तुमचं भाषान मोबाईलवर ऐकलं म्या. पोरीनं लावून दिलं. झ्याक बोलता. आमच्या बा ची समदी कथा सांगितली. पर त्यो एक ‘स्थानिक माहितीदार’ म्हनला, त्यो कुनाच्यातला म्हनायचा? म्या हितं ऐंशी वर्सं हाय, मला कसा न्हाई ठावा?”

“आबा,” प्रतीक्षा म्हणाली.

“आगं, इचारतोय. त्या तपासाय आल्यात ना? आपुनबी तपासावं.”

माझ्याकडे उत्तर होतं. संशोधनात व्यक्तीची ओळख जपण्यासाठी नाव न देण्याची पद्धत असते, वगैरे. ते वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं, कारण समोरच्या माणसाने ओळख जपायला सांगितलं नव्हतं. नाव मागितलं होतं.

“चुकलं, आबा,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पुढे माफी बिफी काही नाही. “च्या घ्या,” म्हणाले.

निघताना प्रतीक्षाची आई म्हणाली, “मॅडम, ह्या बॅनरचं काय करनार? नको आसंल तर पेंढीवर टाकायला व्हईल, ढग आल्यात.” मी तो तिथेच सोडला. आता वडिवळ्यात एका ढिगावर प्राचार्य आभाळाकडे पाहून हसताहेत आणि खाली कोपऱ्यात, ‘मार्गदर्शक’ या शब्दाबरोबर, माझं नाव दगडाखाली दाबलेलं आहे. मार्गदर्शक म्हणून माझा झालेला हा पहिलाच उपयोग.

कामशेतपर्यंत प्रतीक्षा सोडायला आली. फलाटावर मी विचारलं, “तुला माहीत होतं, तर तू भांडली का नाहीस?”

“कुठं भांडायचं, मॅडम? तक्रार समितीवर तुम्हीच आहात.”

परत

तुम्ही जाणार असाल तर : कार्ल्याला सकाळी नऊच्या आत पोचा, टॉर्च न्या, आणि तो स्वतः धरा. वडिवळ्याला पाहण्यासारखं काही नाही, असं प्रवासाच्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. खरं तर तेही लिहिलेलं नसतं.

सहलीतून घरी काय आलं? बरगडीवर एक निळा डाग, अर्धा किलो एकमेव मूळ चिक्की आणि वीस वर्षं पाठ असलेलं एक वाक्य, जे आता म्हणता येणार नाही. तसंही पुढच्या वर्षी ते ऐकायला वर्ग नाही.

सोमवारी दुपारी गुणांची खिडकी उघडली. नऊचे अठरा केले. यंत्राने बदलाचं कारण मागितलं आणि तीन पर्याय दिले : बेरजेतील चूक, नोंदीतील चूक, इतर. परीक्षक चुकला, असा पर्याय नव्हता. ‘इतर’ दाबलं. पुढच्या रकान्यात लिहिलं, ‘संदर्भ तपासला. बरोबर आहे.’

मग मुद्रितं काढली. बाराव्या तळटिपेतला ‘स्थानिक माहितीदार’ खोडला, समासात नवा मजकूर घातला आणि संपादकांना पाठवून दिलं. तासाभराने त्यांचा फोन आला. “बाई, एका तळटिपेपायी पान हललं. फार महत्त्वाचं आहे का? विवेचनात काही फरक पडतोय?”

“विवेचनात नाही. देणाऱ्यांची नावं राहिली होती.”

‘१२. दिवटी व पाणी : राघू ओव्हाळ, वडिवळे. कथन : त्यांचे पुत्र धोंडिबा. लेखन : धोंडिबांची नात प्रतीक्षा, जिच्या अप्रकाशित प्रकल्पातून हा संपूर्ण भाग घेतला आहे.’

प्रतीक्षाला काही कळवलं नाही. अंक आला की एक प्रत वडिवळ्याला पाठवीन. पत्ता तिच्या प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर होता, ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली.