गोगलगायींचा डबा

लवंगीचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण हॉस्पिटलात ते कुणी वापरत नसे. अंगाने एवढीशी, आणि तोंड उघडलं की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणून लवंगी. चौदा वर्षं तिने तळघरातल्या धुलाईखान्यात चादरी पिळल्या. तिथे खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे वरून येणाऱ्यांच्या कपड्यांवरून कळायचं. जुना माळी निवृत्त झाला तेव्हा भांडून भांडून तिने त्याची जागा मिळवली. बाग म्हणजे काय, तर हाडांच्या वॉर्डाच्या खिडक्यांखालचा एक लांबलचक वाफा. पण वर आकाश होतं. त्या वाफ्यात कुणी ढवळाढवळ केली की लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि यंदा ती केली हळूसाहेबांनी. हे हॉस्पिटलचे व्यवस्थापक. आयुष्यात आवाज चढवला नाही, म्हणून हळूसाहेब. गोगलगाय नि पोटात पाय, असं त्यांच्याबद्दल लवंगी चारचौघांत म्हणायची, आणि काही चुकीचं म्हणायची नाही.

पेटुनियाच्या फुलांची दोनशे चाळीस रोपं ट्रेमधून आली. वाफा खणून, खत घालून तयार होता. हळूसाहेब म्हणाले, "थांबा बाई. मोठे पाहुणे येणार आहेत. ते यायच्या आधी लावू, म्हणजे ताजं दिसेल."

"साहेब, रोप म्हणजे काय पडदा आहे, पाहुणे आले की लावायचा?"

साहेब नुसते हसले. पाहुण्यांची तारीख दोनदा पुढे गेली. सहा आठवडे ती रोपं अंगठ्याएवढ्या खळग्यांत कोंडून पडली. लवंगी दिवसातून दोनदा पाणी घालायची आणि दोनदा शिव्या. मग रोपांना फुलं आली. हळूसाहेब खूश झाले. अरे, जीव जायची वेळ आली की रोप घाईघाईने फुलतं, एवढंही ज्याला कळत नाही त्याने बागेच्या तारखा ठरवायच्या!

पाहुण्यांना पाच दिवस उरले तेव्हा हुकूम आला, आता लावा, आणि फुलांना धक्का लावू नका. लवंगीने एक रोप उपसलं. माती दिसेचना. पांढरी मुळं गोल गोल फिरून खळग्याच्या आकारात आवळून बसली होती. अशी लावली तर मुळं बाहेरच्या मातीत शिरतच नाहीत. दहा दिवस शोभा, मग वाळवण. पहिल्या वर्षी तिचा अख्खा वाफा असाच गेला होता.

तिने रोपं बादलीत भिजवली. एकेक काढून खालची मुळं अंगठ्यांनी टराटरा फाडली, पसरली, आणि वरचं प्रत्येक फूल खुडलं. अर्धी मुळं फुलांचा भार कशी सोसणार?

खिडकीतून आवाज आला, "अगं, राग साहेबांचा आणि काढतेस रोपांवर?" या मास्तरीणबाई. खुब्याचं हाड मोडून तीन महिने खाटेवर, आणि त्या खाटेवरून दिसायचा तो फक्त हा वाफा.

"रोपांवर नाही बाई. पाहुणे दहा मिनिटं बघणार. तुम्ही रोज बघणार."

निम्मी रोपं लावून झाली असतील, तेवढ्यात हळूसाहेब आले. खुडलेल्या फुलांच्या बादलीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"उरलेली आहेत तशीच लावा. रस्त्याच्या बाजूला. मग झालं ते मी विसरेन," ते म्हणाले. "नाहीतर धुलाईखान्यात माणूस कमीच आहे."

लवंगीने हातातल्या रोपाकडे पाहिलं. सात फुलं, जांभळी, झकास. तशीच लावली असती तर कुणाच्या बापाचं काय जात होतं? तिची जागा राहिली असती. तिला त्या रोपाचाही राग आला, साहेबांचा आला, स्वतःचाही आला. तिने ते साहेबांच्या देखत फाडलं आणि फुलं बादलीत टाकली. साहेब पाठ फिरवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरा रोपांचे नुसते बुडखे उरले होते. मातीवर चकचकीत चिकट रेघा.

"गोगलगायी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फटफटताना पाहिलं मी. त्या गाद्यांखालून येतात."

वॉर्डातल्या फाटक्या गाद्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून हळूसाहेबांनीच वाफ्यामागे रचून ठेवल्या होत्या. खाली ओल, अंधार. गोगलगायींना जणू सासुरवाडीच मिळाली. लवंगीने कडेकडेने ओली गोणपाटं अंथरली. रोज पहाटे ती उचलायची आणि खाली दडून बसलेल्या गोगलगायी वेचून बिस्किटाच्या डब्यात भरायच्या.

पाहुणे आले. मागच्या दाराने आत गेले, पुढच्या दाराने गाडीत बसले. वाफ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तरी सोमवारी लवंगीच्या हातात बदलीचा कागद पडलाच. तळघर.

ती गेली. पण रोज तासभर आधी यायची, गोगलगायी वेचायची, पाणी घालायची आणि मग खाली उतरायची. तळघरात इतक्या जोरात चादरी आपटायची की बाकीच्या बायका लांब उभ्या राहायच्या.

तीन आठवड्यांनी वाफा असा फुलला की माती दिसेना. लवंगी चादरींची गाडी ढकलत वर आली तेव्हा सूचना फलकावर फोटो लागला होता. वाफ्यासमोर हळूसाहेब, हात मागे बांधून. खाली लिहिलं होतं, 'व्यवस्थापकांच्या कल्पक मार्गदर्शनाखाली फुललेली बाग'. आयत्या बिळावर नागोबा! लवंगीच्या कानशिलांत ठोके पडायला लागले. गाडी तिथेच सोडून ती खाली गेली, सकाळचा डबा घेऊन आली, आणि न विचारता साहेबांच्या खोलीत शिरली. झाकण काढून तिने डबा टेबलावर, थेट फायलींवर, पालथा केला.

"साहेब, यांनाही थोडं मार्गदर्शन करा."

हळूसाहेब ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि असे की अख्खा हाडांचा वॉर्ड जागा झाला. बागेत पुन्हा पाऊल ठेवलंस तर नोकरी जाईल, हे तीन मजल्यांना ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा लवंगी वाफ्यावर होती. राग तसूभरही उतरला नव्हता. गोणपाट उचलून तिने पहिली गोगलगाय डब्यात टाकली.

मास्तरीणबाईंनी खिडकीतून हळूच विचारलं, "अगं, तुला बंदी आहे ना?"

"मला आहे," लवंगी डब्यातली गोगलगाय दाखवत म्हणाली. "यांना कुठे आहे?"