पगारवाढ आणि माझा कायदा

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतो. चौतीस वर्षं कारकुनी केली, पण कोणाचा पगार कधी अडवला नाही. निवृत्त झालो आणि एका दमात पंधरा जणांची पगारवाढ अडवली. तीही फुकट!

आमची पुतणी संगीता महाडच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात कामाला आहे. लहानसा कारखाना, पंधरा माणसं. तिथली रीत अशी की वर्षातून एकदा पोलादपूरचे आनंदमामा, सगळ्यांत जुने कामगार, शेटसमोर पान लावत बसायचे. पान रंगेपर्यंत वाढ ठरलेली असायची!

संगीता म्हणाली, "काका, यंदा नुसता अर्ज लिहून द्या. पोराची फी भरायची हाय, वाढ लवकर व्हायला हवी."

नुसता अर्ज? नवा कामगार कायदा दोनदा वाचलेल्या माणसाने?

थेट कारखाना गाठला. "आनंदमामा, बोलणी करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"वयानं," मामा चुना मळत म्हणाले.

"चालणार नाही! संघटना हवी. तिच्यात एक्कावन्न टक्के कामगार हवेत. पंधराचे झाले साडेसाताच्या वर."

"अर्धा माणूस कुठनं आणू, भाऊसाहेब?"

"आठ धरा!"

झालं! पोलादपूरच्या सहा जणांची एक संघटना, महाडच्या सहा जणांची दुसरी. शिवथरचे तिघे म्हणाले, "आम्ही काय उपरे?" तिसरी! आठ कोणाकडेच नाहीत.

शेट हात जोडून आले. "अहो, हजाराची वाढ द्यायचं ठरवलंय. पण सांगू कोणाला?"

मी कडाडलो, "प्रतिनिधी ठरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही!"

शेट इतके कायद्याचे भोक्ते निघाले, की महिनाभर बोलले नाहीत.

शेवटी संगीताच भडकली. "काका, फीची तारीख परवा हाय. तुमचा कायदा भरणार हाय का?"

दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय! एकच संघटना, पंधराच्या पंधरा सह्या! मला तर नाचावंसं वाटलं. पहिला ठराव वाचायचा मानही मलाच दिला. मी खणखणीत आवाजात वाचला: "बोलणी आनंदमामा करतील. तोवर काकांना रिक्षात घालून सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर बसवून ठेवावे. सूचक: संगीता."

एकमताने मंजूर!

मी कुंडातून पाय बाहेर काढायच्या आत संगीताचा फोन आला. शेटने हजाराचे बाराशे केले होते.

"वरचे दोनशे कशाचे गो?" मी हरखून विचारलं.

"तुम्ही तिथं नव्हता, त्याचे!"