हुंकारापुरती जागा

आमच्या छापखान्यात एका इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पण छापखान्यात सगळेच ज्यांना वहिनी म्हणत, त्यांच्याबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

प्रूफं तपासायच्या खोलीत एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. वहिनी मूळ प्रत मोठ्याने वाचत, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. समोर त्यांचे यजमान प्रुफावर बोट ठेवून ऐकत आणि ओळ जुळली की नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"शिवाय वहिनी पुढची ओळ उचलत नसत. वर्षानुवर्षं दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच.

ते वारले आणि त्यांच्या खुर्चीत मला बसवलं. माझा आवाज मुळातच बारीक. पहिल्याच दिवशी वहिनी म्हणाल्या, "भावजी, हं म्हणताय की उसासे टाकताय?"

पुढे पुढे माझ्या लक्षात आलं, मी "हं" म्हणण्याआधीच वहिनी पुढे जातात. ओळ संपली की मान किंचित तिरकी करून थांबत, ऐकू आल्यासारखी मान डोलवत आणि पुढची ओळ घेत. माझंच काहीतरी चुकत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण माझ्या खांद्यावरून वाकून कुणीतरी तेच प्रूफ बघतंय, असं वाटायचं. मी खुर्ची टेबलाला चिकटवून बसू लागलो.

चुका राहायला लागल्या. एक दिवस मालक दारात येऊन म्हणाले, "वहिनी, अजून एक चूक निघाली तर ही खोली बंद. तुम्ही आता घरी आराम करा."

ते गेल्यावर वहिनी पुटपुटल्या, "घरी काय आहे? घरी तर अगदीच सामसूम."

त्याच दुपारी 'हॉन्ट' हा इंग्रजी शब्द आला. भुताने पछाडणे, एवढाच अर्थ मला ठाऊक होता, आणि प्रुफातही तेवढाच होता. वहिनी मात्र प्रतीतून बरंच काही वाचत पुढच्या शब्दावर पोचल्या. मी "थांबा" म्हणालो, पण माझा बारीक आवाज त्यांच्या वाचण्याखाली बुडून गेला. शेवटी टेबलावर थाप मारली.

वहिनी दचकल्या. "अहो, जीव घ्याल माझा!"

"तीन ओळी गळल्यात, वहिनी."

"मग प्रत्येक ओळीला हं कशाला म्हणालात?"

"मी नाही म्हणालो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्याच्या वर. त्यांनी त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या, पण हळू, विरामचिन्हं न उच्चारता. मूळ अर्थ एखाद्या ठिकाणी वरचेवर जाणे, तिथे वावरणे. शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला. त्याही मागे उत्तरेकडच्या एका जुन्या भाषेतलं 'घरी आणणे' अशा अर्थाचं क्रियापद असावं, असं काहींचं मत. भुतांशी संबंध नंतरचा.

"म्हणजे भुतं मागाहून आली," वहिनी म्हणाल्या. "आधी नुसतं येणं-जाणं होतं."

मी समासात तीन ओळी भरून घेतल्या.

"भावजी, यापुढे तुम्ही हं म्हणू नका. टेबलावर टिचकी मारा. टिचकी ऐकल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

"आणि... हं?"

"ते ह्यांच्यापुरतं राहू दे."

त्यानंतर आमच्या खोलीतून एकही चूक सुटून गेली नाही. मालकांनीही खोली बंद करण्याचा विषय काढला नाही. कोश शेवटच्या अक्षरापर्यंत आम्हीच तपासला.

एकदा मी एका स्वल्पविरामापाशी अडलो होतो. असावा की नसावा, काही ठरेना. वहिनी ओळ संपवून थांबल्या होत्या. एकदम त्यांनी मान तिरकी केली आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत, जराशा वैतागून म्हणाल्या, "थांबा हो जरा. भावजींचं अजून व्हायचंय."