पंचशीलाच्या टेबलासमोर आई

लातूर नवा जिल्हा झाला, कचेरीच्या भिंतींचा रंग वाळतोय न वाळतोय तोच दुष्काळ दारात. आमच्या शेजारची पंचशीला तेव्हा कचेरीत टँकरच्या टेबलावर कारकून होती. पोरगी अंगानं काडी, पण जीभ म्हणजे अडकित्ता.

आपल्याकडचा माणूस पाणी मागायला आला की आधी साहेबाची तब्येत विचारणार, मग पाहुण्याचं लग्न काढणार आणि निघताना दारातून म्हणणार, "बाकी, पाण्याचं तेवढं बघा." पंचशीला असल्यांना व्हरांड्यातच गाठायची. "मामा, साहेबाला आधी गाव सांगा. आड कधी आटला सांगा. काय पाहिजे ते सांगा. मग गप उभं रहा." साहेबाला हो म्हणावंच लागायचं. टँकरवाला बसवंत चहा मिळेल त्या दारात पाणी ओतायचा. बाकीचे कारकून त्याच्या चुगल्या करत बसले, हिनं त्यालाच तोंडावर विचारलं, "बसवंतमामा, चहा हाय तिथं पाणीबी असतंय. न्हाई तिथं जाताव का?" गेला बिचारा.

एक दिवस औशाकडच्या वस्तीवरून तिची आई आली, धुरपताबाई. "पंचे, आपला आड कोरडा पडलाय. साहेबाला सांग की."

"माझ्याच माहेराचं मी कसं सांगू, आई? लोकं म्हणतील, टेबल मिळालं अन् पाणी घरी नेलं."

भिंतीपलीकडून मी टोमणा हाणलाच, "अख्ख्या जिल्ह्याला बोलायला शिकवती, अन् आईच्या टायमाला तोंडात गुळणी!"

"कस्तुराकाकू, भाकर करपायलीय तुमची."

दुसऱ्या दिवशी पंचशीला कामावर गेल्यावर धुरपताबाई मला म्हणाली, "कचेरी दाव." मायलेकीचा तमाशा फुकटात बघायला मिळणार म्हणून मी पदर खोचून निघाले.

म्हातारी रांगेत उभी राहिली. पुढं आली, लेकीला हात जोडले. "जयभीम, बाईसाहेब. औशाकडची खालची वस्ती. आड आटून महिना झाला. टँकर पाहिजे." आणि गप उभी राहिली.

सगळी कचेरी बघायला लागली. पंचशीलाचे ओठ हलले, पण बाहेर आलं ते एवढंच, "लिहून घेतलंय. पाळीनं येईल." मग मान खाली घालून तिनं पुढच्याला बोलावलं. आई तिथूनच स्टँडवर गेली. जेवलीसुद्धा नाही.

पाळी आली तेव्हा पंचशीला स्वतः टँकरमध्ये बसून गेली. मीही चढले. वस्तीवरच्या बायका घागरी घेऊन धावल्या. त्यात आई नव्हती.

"धुरपता मुखेडला गेली, भावाकडं," शेजारची सरजाबाई म्हणाली. "म्हणली, माझ्या वाट्याचं कुणालाबी द्या."

पंचशीलानं आईच्या दाराची कडी काढली. रांजणात तळाला धूळ होती. तिनं तो पुसला, घागरीमागून घागर आणून काठोकाठ भरला, वर फळी ठेवली. मग तिथंच खाली बसली.

"काकू, त्या दिवशी टेबलावर 'आई' एवढंच म्हणायचं होतं."

मुखेडहून धुरपताबाई परत आलीच नाही. आठवडाभर वाट बघून सरजाबाईनं ते पाणी वस्तीत वाटून टाकलं.