दस्तगीरचाचांचा हात

लेथवर कापून उतरलेला पहिला नग दस्तगीरचाचा आधी मनगटाला टेकवून बघायचे, मगच मायक्रोमीटर उचलायचे. शिरोलीच्या आमच्या कारखान्यात पंपाचे शाफ्ट बनायचे. मी घाईनं मोजायला गेलो की ओरडायचे, "आरं, तापलाय त्यो! आत्ता खोटंच बोलणार. गार होऊ दे की!"

मशिनं संगणकाला जोडायचं काम माझ्याकडे आलं. माप यंत्रानंच घ्यायचं आणि चुकलं तर कटिंगही यंत्रानंच सुधारायचं. चाचांनी एवढंच विचारलं, "ह्ये गार व्हायला थांबतंय व्हय?" मी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी अख्खी ट्रॉली भंगारात गेली. गरम शाफ्ट फुगलेला असतो. संगणक त्याला जाड समजून जास्त कापत राहिला आणि गार झाल्यावर सगळे बारीक भरले. माझी पाचावर धारण बसली.

 चाचा स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले. मी मशिनवर तापमापक लावला आणि चाचा सांगत गेले: चटका बसला तर माप किती जास्त सोडायचं, नुसतं कोमट असेल तर किती, सोमवारच्या साप्ताहिक सुट्टीनंतर मशिन थंड असताना किती. दोन आठवडे मी आकडे भरत होतो. "नीट लिव्ह. मी न्हाय म्हटल्यावर कुणाला इचारशील?" म्हणायचे.

प्रोग्राम बिनचूक चालला. मग साहेबांनी चार मशिनांवर एकच माणूस ठेवला आणि चाचांना पॅकिंगला घातलं. हे असं होणार, हे मला आकडे भरतानाच कळत होतं. मी गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

पॅकिंगमध्ये ते जेमतेम चार महिने टिकले. "कागूद गुंडाळून हात आंबलं रं," म्हणाले आणि राजीनामा दिला. निघताना गेटपाशी थांबून त्यांनी विचारलं, "त्या कम्प्युटरात माझं नाव घातलंयस न्हवं?"

"व्हय चाचा, पहिल्याच ओळीत."

चाचा खूश झाले. घरी सांगतो म्हणाले.

गेल्या वर्षी ते वारले. दफन करून परतताना त्यांच्या मुलानं पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ह्येंच्या कंपनीत कम्प्युटरवर अब्बांचं नाव हाय." पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. मी मान हलवली.

आता मीही थकलोय, खोटं निस्तरायचा उत्साह उरलेला नाही. तो प्रोग्राम आज अकरा मशिनांवर चालतो. पहिल्या ओळीत माझं नाव आहे.