धनीरामचा उंदीर

आसगावचा धनीराम उंचीला जेमतेम साडेतीन फूट. लग्नात धुरपताबाईला हार घालायला त्याला पाटावर उभं केलं होतं, आणि हसणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे. विहिरी उपसणं हा त्याचा धंदा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की अंगानं हलका म्हणून त्यालाच दोराला बांधून आत सोडायचे, आणि तो गाळ भरून वर पाठवायचा.

दुपारी चिंचेखाली मात्र त्याचं राज्य. त्यानं स्वतः रचलेला खेळ तिथे चाले. प्रत्येकानं एक जनावर व्हायचं, धनीराम जंगलातली हकिगत सांगायचा आणि झुंजीत कोण जिंकलं ते कवड्या ठरवायच्या. कायदा त्याचाच: जनावर केवढंही असो, ताकद सगळ्यांना सारखी, फेकायला कवड्या सारख्याच. तो नेहमी उंदीर व्हायचा आणि माझ्या रेड्याला ओढत न्यायचा. मला ते बिलकूल सहन होत नसे.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात मी भडकलोच.

"काहून बे, उंदीर कधी रेडा ओढते काय?"

"कवड्या पाह्य ना. खेळात सप्पा सारखे."

"मंग उद्या विहिरीत मी उतरतो. तू वरून दोर धर!"

इतका मूर्खपणा मी पुन्हा कधी केला नाही. दुसऱ्या दिवशी मी उतरू लागलो. दोराचा एक वेढा काठावरच्या खांबाला, आणि धरायला खेळातलेच जागेश्वर, कवडू आणि मागे धनीराम. कवडूच्या तोंडात बिडी. तिचा धूर उंबरावरच्या आग्यामोहोळाला लागला आणि माश्या उठल्या. "पळा रे!" एवढंच मला ऐकू आलं. दोन धिप्पाड गडी धावत सुटले, आणि दोर एकदम हातभर खाली घसरला.

खाली अजून दहा-बारा हात, तळाला गाळातून वर आलेले दगड.

"धनीराम!"

वरून फक्त घोंघावणं. दोर थांबला, परत घसरला, परत थांबला. भिंतीत नखं रोवत मी त्याचं वजन आणि माझं वजन मनात तोलत होतो. आपण मेलो, याची मला खात्रीच पटली. अखेर पाय टेकले, दोर सैल पडला, आणि मी गाळात बसून लहान पोरासारखा रडलो.

घोंगड्या पांघरून लोक आले तेव्हा धनीराम खांबाशी बसलेला होता. तोंड सुजलेलं, तळहातांची सालं निघालेली.

पुढे अड्याळच्या बाजारातसुद्धा मी सांगत फिरलो, धनीरामनं कसं डोकं लढवून मला हळूहळू खाली सोडलं. तो मान खाली घालून ऐकायचा. खेळातला कायदा मात्र त्यानं बदलला. उंदराला एकच कवडी. मला वाटलं, मी जिंकलो.

सत्त्याऐंशीत तो तापानं अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेलो.

"केवळराम, आता थे गोष्ट सांगू नको लोकाइले," तो म्हणाला. "मी दोर हळूहळू सोडून नव्हतो राहिलो, तो हातातून सुटून राहिला होता. लय भेव लागलं मले. अन् शेवटी मी सोडलाच."

"सोडला?"

"डोये मिटले अन् सोडला. मले काय मालूम, तुये पाय टेकले होते म्हणून!"

धुरपताबाईनं चहा पुढे केला. मी कप घेतला आणि तसाच खाली ठेवला.